एका पाण्याने धुतलेला पंप

आषाढ सरत आला आणि पावसाने पाठ फिरवली. लोणखेड्याच्या शिवारात कापूस गुडघ्याएवढा होऊन थांबला. मिरचीची रोपं लावायची की वाफ्यातच ठेवायची, यावर माणसं पारावर वाद घालत बसली. कॉलनीतल्या बंगल्यांच्या बागांवर मात्र किडीने धाड घातली. पाऊस झाला की कीड धुऊन जाते. नाही झाला की ती माळ्याच्या मानगुटीवर बसते.

दोधू जातीने माळी आणि कामानेही माळी. बापाची जमीन भावांच्या वाटण्यांत इतकी बारीक झाली होती की तिच्यात गड्याने घाम गाळावा असं काही उरलं नव्हतं. म्हणून तो दुसऱ्यांच्या बागा करायचा. आज या बंगल्यात, उद्या त्या. सायकलीच्या कॅरिअरला खुरपं, कात्री आणि पाईपचं वेटोळं बांधलेलं असायचं. दोधूच्या हाताला गुण आहे, वाळलं लाकूड लावलं तरी फुटेल, असं लोक म्हणायचे. दोधू वरवर हसून सोडून द्यायचा, पण मनात त्याला ते पटलेलं होतं. माणसाला स्वतःबद्दलचं चांगलं फार लवकर पटतं.

दोधूची कंबर धरायला लागल्यापासून सून रुपा त्याच्याबरोबर कामाला यायची. मुलगा नवनीत ट्रकवर होता. तो घरी पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखा जायचा. रुपा खुरपायची, पाणी द्यायची, पाला उचलायची. जुन्या वळणाचं घर, त्यामुळे ती सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नसे. काही सांगायचं झालंच तर झाडाकडे बघून सांगायची. दोधूही झाडाकडे बघून उत्तर द्यायचा. दोघांचं काम त्यात नीट चालायचं.

सगळ्यात मोठी बाग हिरकणबाई पाटलांची. हिरकणबाई विधवा, वयाने सत्तरीकडे झुकलेल्या, मुलगा चंदन सुरतेला. त्यांच्या घरी श्रावणात कानबाई ही खानदेशची देवी बसायची, तिच्या नैवेद्याचे रोट व्हायचे, सगळी भावकी गोळा व्हायची. कानबाईला बाजारचं फूल चालत नाही, हा हिरकणबाईंचा नेम. गुलाब, जास्वंद आणि झेंडूचे वाफे सगळे कानबाईच्या त्या एका रविवारसाठी राखलेले असत. आणि दरवर्षी त्या रुपाला आवर्जून बोलवायच्या, कारण कानबाईची गाणी रुपाच्या गळ्यात होती. कामाला येणाऱ्या बायांपैकी देवाच्या खोलीत पाय ठेवणारी ती एकटीच. रुपाला त्याचा फार अभिमान होता. ती बोलून दाखवत नसे, पण आषाढ लागला की खुरपताना गुणगुणायला लागायची.

त्या वर्षी जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण बसला आणि गुलाबाची पानं खालून लाल पडली. फवारणी करणं भाग होतं. नेमका दोधूच्या पंपाचा वायसर फाटला. तो शहाद्याला अन्वरकडे गेला. अन्वर पंप दुरुस्त करायचा आणि हंगामात उसात फवारणीची मजुरीही करायचा. दोघांची ओळख जुनी.

"वायसर नंदुरबारथून येवाले टाईम लागी," अन्वर म्हणाला. "तवलोंग मन्हा पंप लई जा. पन दोधूभाऊ, यामा कालदिन ऊसमाधलं गवत मारानं औषध व्हतं. सोडा टाकीसन तीन पानी धुई लेजो. एक पानीवर भरोसा करू नको."

"तू मले शिकाडी ऱ्हायना का?" दोधू हसला. "मन्ही हयाती गयी यामा."

अन्वरही हसला आणि त्याने पंप उचलून सायकलीवर बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरकणबाईंच्या अंगणात दोधूने पंप उघडला. नळाला धार बारीक होती, टाकी अर्धी. रुपाने बादली भरून आणली. सोड्याची पुडी घरी कोनाड्यातच राहिली होती. दोधूने साध्या पाण्याने पंप हिसळला, कुंपणाकडेला पाणी ओतलं आणि दुसऱ्या बादलीसाठी हात पुढे केला. ओट्यावर हिरकणबाई रोटाचे गहू निवडत बसल्या होत्या.

"दोधू, पानी कसाले सांडी ऱ्हायना रे?" त्या म्हणाल्या. "झाडे तहाने मरी ऱ्हायनात नि तू पंपले आंघोय घाली ऱ्हायना."

इथे दोधूने सांगायला हवं होतं. जिजी, हा पंप उसातला आहे, आणखी दोन पाणी लागतील, एवढंच वाक्य. पण तुमच्या कानबाईच्या फुलांसाठी मी गवत मारायचा पंप दारात आणला, हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं? ज्याच्या हाताला गुण आहे असं ती दहा जणांत सांगते, त्याने?

"व्हयनं जिजी, व्हयनं," तो म्हणाला.

रुपा दुसरी बादली घेऊन तशीच उभी होती. पदर दातात धरलेला. तिने जास्वंदीकडे पाहिलं.

"पंपमाईन आजून वास ये ऱ्हायना," ती जास्वंदीला म्हणाली.

दोधूला ऐकू आलं. जास्वंदीपेक्षा नीट ऐकू आलं.

"वत ते पानी वाफामा," तो म्हणाला आणि किडीचं औषध पंपात ओतायला लागला.

पंप पाठीवर घेतला की पट्टे खांद्यात रुततात. डाव्या हाताने दांडा मारायचा, उजव्या हाताने नळी फिरवायची. ऊन चढलं होतं. औषधाचं पाणी मानेवर ठिबकून घामात मिसळत होतं आणि कंबर ठणकत होती. तरी दोधूने एक फांदी सोडली नाही. पानांच्या खालून, वरून, कळ्यांच्या बेचक्यांत, झेंडूच्या ओळींतून त्याने मन लावून फवारलं. इतकं चांगलं काम त्याने त्या महिन्यात दुसरीकडे कुठे केलं नसेल.

पुढच्या पाळीला तो आला तेव्हा गुलाबाचे शेंडे फिके दिसले. त्याच्या पुढच्या पाळीला नवी पानं दोऱ्यासारखी बारीक आणि पिवळी निघाली होती, कळ्या देठाशी काळ्या पडून मान टाकत होत्या, झेंडू जागच्या जागी बसले होते. सगळ्या बागेला कावीळ झाल्यासारखी. फाटकातून सायकल आत घेतानाच दोधूला कळलं. तरी तो एकेका झाडाजवळ बसला, खुरप्याने मूळ उकरून पाहिलं, माती नाकाला लावली. रोग शोधतोय असं दिसावं म्हणून. स्वतःच्याच बागेत चोरासारखं वागायची ती पहिली वेळ होती.

हिरकणबाई ओट्यावरून उतरून आल्या. त्यांनी एक कळी हातात घेतली, ती हातातच गळाली.

"हाई काय व्हयनं रे?"

"ऊन लागनं जिजी," दोधू म्हणाला. "पानी नही."

"ऊन शेजारना बागले बी शे. त्यान्हं पान बी हालनं नही."

शेजारची बाग हिरवीगार होती. तीही दोधूचीच होती. तिथे फवारणी व्हायची राहिली होती. हिरकणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. रुपा मागच्या नळावर पाईप जोडत होती. मग त्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "दोधू, एक इचारस. राग मानू नको. त्या दिन रुपा बाहेर ते नव्हती ना? इटायमा देवना फुलंले हात लागना ते असंच व्हस."

बायकांच्या पाळीच्या गोष्टी सासऱ्याच्या कानावर घालायच्या नसतात आणि सासऱ्याने त्यावर तोंड उघडायचं नसतं. एरवी दोधू नुसता उठून गेला असता. आता मात्र तो बसल्या जागी राहिला. नाही म्हणावं तर मग झाडं का मेली, हा प्रश्न पुन्हा त्याच्यापाशी येणार होता. त्याची मान खाली गेली.

"मले काय माहीत जिजी," तो म्हणाला. "बाया मानसासनी गोट."

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. पण हिरकणबाईंनी खाली गेलेली मान पाहिली आणि त्यांना त्यांचं उत्तर मिळालं.

"ऱ्हाऊ दे. तू काय सांगशी बिचारा. मले समजनं."

खरं सांगायचं तर दोधूला आधी हायसं वाटलं. छातीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. आणि मग लाज वाटली. पुढे कितीतरी दिवस त्याला त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटत राहिली.

"रुपा," हिरकणबाईंनी हाक मारली, "पाईप ठेव नि बाहेर व्हय. कानबाई जाय तवलोंग फाटकना मझार येवू नको. गानासले बी येवू नको."

रुपाला पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं. तिचं तोंड कानापर्यंत लाल झालं. तिने एकदा पाहिलं, हिरकणबाईंकडे नाही, दोधूकडे. दोधू कात्रीला धार लावत होता. कात्रीला धारेची गरज नव्हती. रुपाने नळ बंद केला, पाईप गोल गुंडाळून जागेवर ठेवला आणि ती फाटकाबाहेर जाऊन निंबाखाली बसली. दुपारी तिने भाकरीचा डबा फाटकाच्या गजांतून आत दिला. दोधूने तो खाली बघत घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं. आणि चोर आत सावलीत बसून ठेच्याशी भाकरी खात होता.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली. कॉलनीत भांडी घासणाऱ्या बाया त्याच गल्लीत राहायच्या. दोधूची बायको कौसाबाई चुलीपुढे वाट बघत होती.

"तुले समजत नही का व?" तिने रुपाला दारातच धरलं. "देवना फुलं ती. बठा गावमा नाव काढं मन्हा घरनं."

"मामी, मी नव्हती व," रुपा सासूला म्हणाली. "मन्हं आदला आठवडामाच व्हई गयतं. तुम्हले माहीत शे."

"मले काय याद ऱ्हास? मंग झाडे आपेआप मरनात का?"

खुंटीला अन्वरचा पंप लटकत होता. रुपाने तिकडे पाहिलं. दोधू पाटावर बसून जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. तिने एक शब्द काढला असता तर संपलं असतं सगळं. दोधूला वाटलं, काढावा तिने, सुटेन मी. आणि त्याच वेळी वाटलं, नको काढू देऊ देवा.

"काय माहीत," रुपा म्हणाली आणि हंडा घेऊन पाण्याला गेली.

"तुम्ही काबर बोलतस नही?" कौसाबाई आता नवऱ्यावर घसरली. "तुम्ही तठेच व्हतात ना?"

"मी काय बोलू? बायासनं काम."

त्याने ताटात पाणी ओतलं. भाकरी अर्धी राहिली होती.

कौसाबाई तशी वाईट बाई नव्हती. बाहेर बसायची रीत त्या घरात नवनीतच्या लग्नाआधीच सुटली होती, आणि ती सोडणारी कौसाबाईच. पण आता गल्ली बघत होती. श्रावण लागला आणि रुपाची पाळी आली, तेव्हा कौसाबाईने तिला पडवीत गोणपाट टाकून दिलं, पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हात लावू नको व कसाले. बठ तठेच." रुपा बसली. येणारेजाणारे बघून जात होते. पडवीतून दोधूला बाहेर जावंच लागायचं. तो घसा खाकरून, मान वळवून, घाईने जायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते त्याला त्या पोरीच्या पाठीकडे बघून कळत होतं, आणि बुक्क्या आपल्याच आहेत हेही.

दुसऱ्या बंगल्यातूनही रुपाला निरोप आला. तिथल्या बाई शिक्षिका होत्या. त्या दोधूला म्हणाल्या, "आम्ही असलं काही मानत नाही हं, दोधूकाका. पण सध्या श्रावण आहे, पूजेची फुलं आहेत. काही दिवस तुम्ही एकटेच या ना." मानत नाही म्हणत मानणारी माणसं फार गोड बोलतात. दोधू "हो बाई" म्हणाला. रुपा मग कापसाच्या निंदणीला जायला लागली. पाऊस नव्हता, ढेकळं दगडासारखी झालेली. संध्याकाळी तिच्या बोटांची पेरं फुटलेली असायची. आणि इकडे दोधू एकट्याने बागा ओढत होता. बादली उचलताना कंबरेतून कळ निघायची, तेव्हा त्याला बरं वाटायचं. एवढं तरी आपल्याला व्हावं असं वाटायचं.

पंप परत करायचा होता. त्याने तो सोडा टाकून तीन पाणी धुतला, गल्लीच्या टोकाला, कुणी नसताना. मग अन्वरकडे नेला.

"लागना ना बरोबर?" अन्वरने विचारलं.

"लागना."

अन्वरने पंप घेतला, पण तो खाली ठेवला नाही. "जिजीना बागनं ऐकं मी," तो म्हणाला. "खोटं कसाले बोलू दोधूभाऊ, पहिले मन्हा मनमा पंपच उना. मन्हा पंपनी कानबाईना फुलं मराले नको. मले त्या दिन घास गया नही. मन्ही बायको शहाबानोनी सांगं, जाईसन इचारी लेवा. धुया व्हता ना तू?"

"धुया व्हता," दोधू म्हणाला.

"तीन पानी?"

"हा."

अन्वरचा चेहरा मोकळा झाला. त्याने आत हाक मारून चहा सांगितला. दोधूला तो चहा नको होता, पण उठता येईना. अन्वर सांगत होता की बायामाणसांचं काही सांगता येत नाही, आमच्यातही म्हाताऱ्या असंच म्हणतात, आणि दोधू मान डोलावत होता. खोटं एकदा घरात घेतलं की त्याला जेवायलाही घालावं लागतं. परत येताना सायकल त्याने हातात धरून चालत आणली.

कानबाईचा रविवार जवळ आला. हिरकणबाईंनी बाग उपटून टाकायला सांगितली. दोधूने स्वतःच्या हाताने लावलेले गुलाब स्वतःच्या हाताने काढले. मुळं धडधाकट होती. हिरकणबाई ओट्यावर बसून डोळ्यांना पदर लावत होत्या. लग्न होऊन आल्यापासून कानबाईला बाजारचं फूल वाहिलं नव्हतं म्हणे.

"जिजी, मी आनस फुलं," दोधू म्हणाला. "बाजारना नही. घरघरना."

मग तो आपल्या बागांच्या दारोदार फिरला. ज्या झाडांना तो पाणी द्यायचा, त्यांची फुलं त्याला मागावी लागली. कुणी ओंजळभर दिली, कुणी "तुम्हीच तोडा, पण वरची नको" म्हणाले. एका घरी नोकर त्याला फाटकातच थांबवून आत विचारायला गेला आणि परत आलाच नाही. दोधू उन्हात उभा राहिला. कोणी कारण विचारलं तर सांगायचा, जिजींची बाग गेली. कशाने गेली ते लोकांना ठाऊकच होतं, ते "हो ऐकलं" म्हणायचे आणि हळूच हसायचे. तो रागवायचा नाही. रागवायचा हक्क कुठे होता?

रविवारी सकाळी दोन टोपल्या भरल्या. दोधूची कंबर इतकी धरली होती की सायकल ढकलवत नव्हती. नवनीत घरी नव्हता. कौसाबाई म्हणाली, "फाटकलोंग रुपा लई येई. न्हाई-धुई शे ती." टोपल्या ओल्या फडक्याने झाकून सायकलीला बांधल्या. रुपाने सायकल ढकलत आणली, टोपल्यांना हात न लावता. फाटकाशी स्टँड लावून ती निंबाखाली जाऊन उभी राहिली.

आत मांडव होता. पुरणाचा वास येत होता, बायांची वर्दळ होती, रांगोळी होती. देवाच्या खोलीतून गाणं सुरू झालं. बाया गात होत्या, पण धरणारी कुणी नव्हती. दुसऱ्याच कडव्याला ओळ चुकली, दोन बाया दोन वाटांनी गेल्या आणि हसल्या. दोधू टोपली सोडत होता. त्याची नजर रुपाकडे गेली. ती आत बघत नव्हती. पण तिचे ओठ हलत होते. आत चुकलेली ओळ ती निंबाखाली बरोबर म्हणत होती, आवाज न काढता.

दोधूचे हात थांबले. आज सांगायचं, त्याने ठरवलं. मग लाज गेली खड्ड्यात.

तो टोपल्या घेऊन ओट्यापर्यंत गेला. हिरकणबाई बाहेर आल्या, मागे चंदन आणि भावकीतल्या चारपाच बाया. फुलं बघून हिरकणबाईंचा चेहरा फुलला.

"जिजी, एक सांगनं शे," दोधू म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. आतलं गाणं थांबलं. "झाडे मन्हा हाते मरनात. तो पंप ऊसमाधला व्हता. त्यामा गवत मारानं औषध व्हतं. मी नीट धुया नही. रुपाना काही गुन्हा नही. ती त्या दिन बाहेर नव्हती."

सासऱ्याने चारचौघींत हे शेवटचं वाक्य बोलावं, यालाच बाया आधी दचकल्या. हिरकणबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. दोधूला वाटलं, आता ही रागावेल, हाकलेल. हाकलू दे. मग त्यांचे डोळे भरून आले.

"देखा व," त्या बायांना म्हणाल्या, "सासरा असा ऱ्हावाले पाहिजे. सूनवर पांघरून घालाले सोतानं नाव बुडाडी ऱ्हायना."

"नही जिजी, मी खरं सांगी ऱ्हायनू."

"मंग तव्हय काबर नही सांगं?"

"लाज वाटनी," दोधू म्हणाला.

एक बाई फिसकन हसली. "माळीना जातले पंप धुवाले येत नही का?" ती म्हणाली. "काही बी सांगतस."

"दोधूकाका," चंदन म्हणाला, "इतला वरीस मी देखी ऱ्हायनू. तुम्हना हाते एक पान सुकेल नही. कसाले डोकावर लेतस?"

"अन्वरले इचारा. त्यान्हा पंप शे. त्यानी सांगं व्हतं, तीन पानी धुजो."

"मी इचारं ना त्याले," चंदन म्हणाला. "कालदिन शहादाले भेटना. तो सांगस, दोधूभाऊनी तीन पानी धुया."

दोधू पुढे सरकला. "मी... मी तो पंप लई येस. आठे कुंडीवर मारीसन दखाडस तुम्हले. आठ दिनमा देखा."

"आज देवना दिन शे," हिरकणबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे आते. तुन्हं मन समजनं आम्हले." त्या आत गेल्या आणि नारळ नि खण घेऊन आल्या. "हाई रुपाले देजो. तिले म्हन, मन्हा मनमा काही नही. मी माफ करं. फक्त पुढे सांभायीसन ऱ्हाय म्हना."

दोधूने हात पुढे केले. आयुष्यभर देणाऱ्याने दिलं की घ्यायची सवय त्या हातांना होती. नारळ आणि खण घेऊन तो पायऱ्या उतरला. मागे गाणं पुन्हा सुरू झालं, पुन्हा चुकत.

फाटकापासून ओटा दूर नव्हता. रुपाने सगळं ऐकलं होतं. तिने सायकल वळवली आणि चालायला लागली. दोधू मागून. कॉलनी संपून लोणखेड्याचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना कापूस मान टाकून उभा होता. दोधूने खण तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. सायकल थांबवली. डोक्यावर पदर होता, पण ती कुठल्याही झाडाकडे बघत नव्हती. दोधूकडे बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "आते कोनले सांगू नका."

"कोनी ऐकं नही व बेटा. पन मी परत सांगसू. बठासले सांगसू."

"नका सांगू. तुम्ही जितलं सांगश्यात तितला तुम्ही मोठा व्हशात. नि मी तितलीच खोटी पडसू."

तिचा आवाज चढलेला नव्हता. निंदणीला कुठल्या वावरात जायचं ते सांगावं तसं तिने सांगितलं.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रुपा निंदणीला गेली आणि दोधू शिक्षिका बाईंच्या बंगल्यावर. त्याने सायकल लावली, खुरपं काढलं. तेवढ्यात बाई स्वतः ओट्यावर आल्या.

"दोधूकाका, कालचं ऐकलं हं मी," त्या म्हणाल्या. "सुनेसाठी कोण एवढं करतं हो आजकाल? या, आधी वर या. चहा घ्या. अहो, खाली काय बसता, खुर्चीवर बसा."

इतकी वर्षं दोधू त्या ओट्याच्या पायरीवर, दांडा तुटलेल्या वेगळ्या कपात चहा प्यायचा. आज बाईंनी घरच्या कपबशीत आणला होता. त्याने तोंड उघडलं. मग त्याला रुपा आठवली आणि त्याने ते मिटलं. बाई खुर्ची पुढे सरकवत उभ्या होत्या. दोधू खुर्चीवर बसला आणि त्याने तो चहा पूर्ण संपवला.